माझी नाडी आणि यांची कंट्रोल रूम

गेल्या मंगळवारी सकाळी स्टील टाउनशिपमधल्या सेक्टर 10च्या बागेत आमच्या यांनी मला चालता चालता बंद पाडलं... एखादं मशीन बंद पाडतात ना, तसं.

सुरुवात झाली मुलीने पुण्याहून पाठवलेल्या घड्याळापासून. मनगटावर बांधायचं, नाडीचे ठोके दाखवणारं. पाठवलं मला, ताबा घेतला यांनी. सगळी नोकरी ब्लास्ट फर्नेसच्या, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीच्या, कंट्रोल रूममध्ये काट्यांकडे बघण्यात गेलेला माणूस... रिटायर झाल्यापासून घरात बघायला काटाच नव्हता. तो सापडला, माझ्या मनगटावर!

दुसऱ्याच दिवशी फ्रिजवर कागद लागला. सोफ्यावर बसलेली असताना 76. बुटाची लेस बांधताना 88. फाटकाबाहेर पन्नास पावलांवर 112, आणि त्याखाली लाल रेघ.

"अजून पाऊल टाकलं नाही अन् काटा वाढून राहिला. लोड नाही, काही नाही... कावून वाढते मंग?"

मी म्हटलं, "तुम्ही समोर उभे राहून टक लावून बघता म्हणून."

विनोद वाया गेला. बोलणं हळूहळू "काही दिवस चालणं बंद ठेव" इथवर आलं, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. आधी ऑफिस, मग सासूबाईंचं आजारपण... सकाळचा हा पाऊण तास मला आयुष्यात पहिल्यांदा एकटीचा मिळालाय. तो मी एका लाल रेघेपायी सोडणार नव्हते.

शेवटी तडजोड झाली. ते सोबत येतील, आणि 115च्या वर गेलं की घड्याळ वाजेल.

मंगळवारी तिसऱ्या फेरीत मी छान लयीत होते. हात झुलवत, झपाझप. घड्याळ वाजलं आणि यांनी हात आडवा घातला.

"थांब! जागच्या जागी थांब! अजिबात हलू नको!"

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, उभ्या जन्मात कोणाचं निमूट न ऐकलेली मी... नेमकी त्याच दिवशी ऐकलं. खांबासारखी उभी राहिले. अर्ध्या मिनिटात कानात गूं गूं सुरू झालं, डोळ्यांपुढे अंधारी आली. यांनी धरून बाकावर बसवलं म्हणून पडले नाही.

"पाहिलं? मी सांगून राहिलो होतो न!" आवाज कापत होता, पण बरोबर ठरल्याचं समाधानही होतं त्यात. चालणं बंद, असा हुकूम सुटला. दुपारपर्यंत वरच्या मजल्यावरच्या भाभी डाळिंब घेऊन हजर... "दीदी, अब इस उमर में आराम करो." मी डाळिंब ठेवून घेतलं, सल्ला परत केला.

बुधवारी डॉक्टरकडे गेलो. जवळच्याच अहिवारा गावची तरुण मुलगी आहे, मराठी सुरू करते आणि हिंदीत संपवते. तिने ईसीजी काढला, बीपी घेतलं, सरकत्या पट्ट्यावर चालवलंसुद्धा. मग यांनी फ्रिजवरचा कागद तिच्या टेबलावर पसरला.

तिने तो नीट वाचला. "काका, ये तो बहुत बढ़िया है!"

यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

ती म्हणाली, आपण आरामात असतो तेव्हा हृदयाला ब्रेक लावलेला असतो. चालायचं मनात आलं की मेंदू तो ब्रेक सैल करतो... म्हणून लेस बांधतानाच ठोके वाढतात. मग पायांच्या स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या रुंद होतात आणि पोटाकडचं रक्त तिकडे वळतं. प्रत्येक पावलाला पिंढऱ्या दाबल्या जातात, आणि खाली गेलेलं रक्त पंपासारखं वर ढकललं जातं.

"और आपने पंप ही बंद कर दिया, काका! रक्त पायातच राहिलं. डोक्याला कमी पडलं, मग चक्कर तो आएगा ही."

यांनी टेबलावरचा कागद उचलून घडी घातली. मग अगदी हळू आवाजात... "म्हंजे चक्कर मीच आणली?"

"जी, काका."

आणि स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "फर्नेसमंधी फुंकतो तो वारा तं आम्ही कधी एकदम बंद नाही करत. हळूहळू उतरवतो."

"मग बायको फर्नेसपेक्षा स्वस्तातली आहे का?" मी विचारलं. डॉक्टरीण एवढी हसली की बाहेरची नर्स डोकावून गेली.

खरं तर राग माझा मलाही आला. शाळेत रेस संपल्यावर जी मुलगी मैदानात बसेल तिला आमच्या सिस्टर दंडाला धरून उठवायच्या. "वॉक, गर्ल्स, वॉक!" एवढं शिकून मी पुतळा झाले... नवरा ओरडला म्हणून!

निघताना डॉक्टरने बजावलं, चालताना छातीत दुखलं किंवा चालता चालताच चक्कर आली तर त्याच दिवशी यायचं. बाकी चालणं चालू. हे शेवटचे दोन शब्द मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतले.

परतताना हे स्कूटर सावकाश चालवत होते. मरोद्याच्या वळणावर म्हणाले, "आकडा वाढला की मलेच कसंतरी होते. पोरगी तिकडं. घरात तूच एक हायेस न."

एवढ्या वर्षांत असलं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. उत्तर तयार होतं, नेहमीसारखं धारदार... पण ते गिळलं.

आता सकाळी दोघं निघतो. माझ्या वेगाने चाललं की यांना धाप लागते, पण कबूल करत नाहीत. मीही काही विचारत नाही. पहिली फेरी मुद्दाम सावकाश घेते... त्यांच्या हृदयालाही जागं व्हायला वेळ लागतो. माझा एकटीचा पाऊण तास गेला खरा, पण तक्रार नाही.