गणपतीच्या पाटासाठी डंबेल

मे महिन्यात अंगणात कोकमाचे रातांबे फोडत बसले होते. उठताना एका सालीवर पाय पडला आणि डाव्या कोपरावर आपटले. खरं सांगते, आधी जीव तुटला तो सांडलेल्या सोलांसाठी. मग हाताकडे बघितलं, तर तो भलतीकडेच वळलेला. शेजारणीने मला रिक्षात घातलं आणि रत्नागिरीला नेलं. वाटभर ती रडत होती आणि मी तिला गप्प करत होते.

डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि म्हणाले, "कोपराचं दुखणं चिवट असतं. वजन उचलायचं नावच काढू नका."

"गणपतीपर्यंत होईल ना?" मी विचारलं.

"गणपतीचं काय?"

घाटावरचे असणार. इथल्या माणसाने असं विचारलंच नसतं.

आमचं गाव रत्नागिरीहून पूर्णगडला जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत. गावात गणपती दुकानातून आणत नाहीत. वरच्या वाडीत गणपतीची शाळा आहे, म्हणजे मूर्ती घडवायची जागा. प्रत्येक घर आषाढात आपापला पाट तिथे नेऊन देतं आणि त्या पाटावरच त्या घरची मूर्ती घडते. चतुर्थीला घरच्याच माणसाने ती पाटासकट उचलून आणायची, वाटेत कुठे टेकवायची नाही. आमचे हे डोक्यावरून आणायचे. ते गेल्यावर सुतकाचं वर्ष सरलं आणि पुढच्या वर्षी मी शाळेत जाऊन उभी राहिले. डोक्यावर मला पेलत नाही, मी छातीशी धरून आणते. दोन्ही कोपरं दुमडलेली, तळवे पाटाखाली. चार लोकांनी तोंडं वाकडी केली. करोत. मुलगी पुण्याला, तिच्या सासरी गणपती, तिला यायला जमत नाही. म्हणजे घरात आणणारी मी, बसवणारी मी आणि नैवेद्य दाखवणारीही मीच. पण ते पाच दिवस माझं घर घर असतं. माणसं येतात, आरत्या होतात, रात्री भजन होतं. उरलेलं वर्ष टीव्ही मोठ्याने लावून जेवते मी.

प्लास्टर असताना धाकटे दीर बघायला आले. त्यांचं घर खालच्या अंगाला. त्यांचे दोन्ही मुलगे मुंबईला आणि बायको मुलांच्या मुलांना सांभाळायला तिकडेच. चहा घेतला नाही, हात मांड्यांखाली घालून बाकावर बसून राहिले. मग म्हणाले, "वहिनी, मी म्हणत होतो, यंदा एकच गणपती आणू या का? तुमचा हात हा असा, आणि..."

मी पुढे बोलूच दिलं नाही. एकच आणायचा म्हणजे कुणाकडे, ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. आमच्याकडे म्हण नसेल, पण अनुभव आहे: एकदा दुसऱ्या घरी गेलेला गणपती परत येत नाही. दोन घरांत असंच झालेलं मी बघितलंय. आधी 'यंदापुरता' म्हणाले आणि मग कायमचाच. म्हटलं, "भावजी, हात मोडलाय, मी नाही मोडले. माझा गणपती माझ्या घरात येणार."

ते उठून निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी उजव्या काखेत पाट मारला आणि शाळेत देऊन आले. पाट दिला की विषय संपतो. त्यानंतर माघार नाही.

आता हात तयार करायला हवा होता. प्लास्टर निघालं तेव्हा दंड काठीसारखा झालेला, साधा तांब्या उचलताना थरथरायचा. मी पंचायत समितीत तीस वर्षं कारकुनी केलेली बाई. तीन कोटेशनं आल्याशिवाय आमच्या ऑफिसात खराटासुद्धा आला नाही. म्हटलं, हाताचंही तसंच करायचं, बघून, वापरून, मग ठरवायचं.

पहिला आला रबरी पट्टा. फिजिओथेरपीवाल्या मुलीने दिला. "आजी, हा पायाखाली दाबायचा आणि असा वर ओढायचा." आजी म्हणे! पण पट्टा चांगला होता. हलका, घडी करून पर्समध्ये राहणारा, दुखऱ्या हाताला धसका न देणारा. पंधरा दिवस इमानाने ओढला. मग खोट लक्षात आली. पट्टा खाली सैल असतो आणि हात वर जाईल तसा ताठ होत जातो. सगळा जोर हात खांद्याशी पोचतो तिथे. माझं काम मधलं, कोपर काटकोनात आणि हात आडवा. तिथे पट्टा अर्धवटच ओढ देतो. शिवाय एकदा पायाखालून सुटला आणि असा सण्णकन तोंडावर बसला की मी त्या पोरीच्या सात पिढ्या उद्धरल्या.

दुसरं कोटेशन म्हणजे व्यायामशाळा. रत्नागिरीत बायकांसाठी सकाळची वेळ असते, तिथे एसटीने जायला लागले. शिकवणारी मुलगी दणकट होती, मला काकू म्हणायची, म्हणून आमचं जमलं. तिने आधी सरळ लोखंडी रॉड दिला. दोन्ही हातांनी धरून छातीपर्यंत आणायचा. मी झोकात आणला, वाटलं, जिंकले! तिने आरशात दाखवलं. रॉड डावीकडे कललेला. उजवा हात राबत होता आणि डावा नुसता हजेरी लावून पगार घेत होता. असले कर्मचारी मी जन्मभर बघितलेत. वर त्या सरळ रॉडने मनगटं कळवळतात ती वेगळीच. मग नागमोडी रॉड दिला, त्याला तिथे झिगझॅग म्हणतात. त्याच्यावर मूठ तिरकी बसते, मनगटाला आराम वाटतो, पण डाव्याची कामचुकारी तशीच. केबलचं मशीन मला आवडलं. दोरीला मूठ, मागे वजनाच्या लाद्या, आणि हात खाली असो वा वर, ओढ सारखीच. एकेका हाताने करता येतं. पण ते मशीन रत्नागिरीत, मी गावात, आणि पावसात आमची एसटी तिच्या मर्जीने येणार. तिरक्या टेकूचा एक बाकही होता. त्याच्यावर दंड टेकला की अंग झुलवून वजन वर फेकायची लबाडी करता येत नाही. त्या बाकावर मी पहिल्या दिवशी नुसता रिकामा हात दहा वेळा वर केला आणि डोळ्यांत पाणी आलं. दुखलं म्हणून आलं आणि रागानेही आलं.

तिसरी आली डंबेलची जोडी, मुलीने पुण्याहून पाठवली. कमी-जास्त करता येणाऱ्या चकत्यांची. सोबत फोनवर दम, "आई, हे त्या गणपतीसाठी करत असशील तर मला चालणार नाही." म्हटलं, "तुझ्या सासूला विचार चालतं का." डंबेलमध्ये प्रत्येक हात आपापलं वजन उचलतो, उजव्याला डाव्याची बाजू घेता येत नाही. आणि गंमत म्हणजे ते सगळ्यात जड लागतं ते हात आडवा होतो तेव्हाच, म्हणजे नेमकं मला हवं तिथे. एकच खोड: लोखंड. आमच्या हवेत आठवड्यात तांबूस पडलं. खोबरेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवायला लागले. शेजारीण म्हणाली, "अगो, बाळंतिणीसारखं काय करतेस त्यांचं!"

असं तिन्ही तोलून डंबेल पास केलं, पट्टा राखीव ठेवला आणि मशीन आठवड्यातून एकदा, एसटीला सुबुद्धी झाली तर. श्रावण लागला तेव्हा मात्र मला उमगलं की नुसतं वर-खाली करून भागणार नाही. गणपती कोणी दहा वेळा वर-खाली करत नाही, तो धरून चालायचं असतं. मग स्वयंपाकघरातला जेवणाचा पाट घेतला, वर तांदळाची गोणी ठेवली आणि पडवीत फेऱ्या सुरू केल्या. वाटेने जाणारा थांबून बघायचा. खालच्या घरातून भावजींनाही दिसत असणार. मुद्दाम पडवीच्या त्या टोकाला जास्त वेळ वळायचे मी.

चतुर्थीला पहाटेपासून बुरबुर पाऊस. शाळेत गेले तर भावजी आधीच येऊन बसलेले, त्यांच्या मूर्तीसमोर. म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी येतो मागून." मी पदर खोचला, तळवे पाटाखाली सारले आणि उचलला. शेजारीण पुढे झांज वाजवत निघाली. पाखाडीच्या, म्हणजे उतरत्या पायवाटेच्या, पायऱ्या ओल्या, निसरड्या. निम्म्या वाटेवर डावा दंड जळायला लागला. उरलेल्या निम्म्या वाटेवर तो माझा आहे की नाही तेही कळेना. मी देवाला काही मागितलं नाही, दात आवळून शिव्या मोजल्या. देवाने ऐकल्या असतील तर ऐकू देत. उंबऱ्यावर शेजारणीने पायांवर पाणी घातलं, ओवाळलं, आणि मी गणपती मखरात ठेवला. हात सुटे झाले तेव्हा जमिनीवर बसून ढसाढसा रडले. आनंदानेच.

मग खुमखुमीने डोकं वर काढलं. भावजी अजून आलेले दिसत नव्हते. म्हटलं, चला, शाळेतच जाऊन सांगू, आला हो गणपती माझ्या घरात. वाटेत चार वाक्यं जुळवलीसुद्धा, एकेक चिमटा काढणारं.

शाळा रिकामी होत आली होती. भावजी तसेच बसलेले, हात मांड्यांखाली. मूर्ती उचललेली नव्हती. "मुलगे?" मी विचारलं. थोरल्याला रजा मिळाली नाही, धाकटा हायवेवर अडकलेला, अजून महाडसुद्धा गाठलं नव्हतं. शाळेचा मालक आत-बाहेर करत होता, मुहूर्त टळत होता.

"मग तुम्ही उचला की," मी म्हटलं.

त्यांनी मांड्यांखालून हात काढून माझ्यासमोर धरले. दोन्ही हात थरथरत होते. एखाद्या वेळेला थंडीने होतं तसं नाही, थांबतच नव्हते.

"गेल्या वर्षापासून आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "गेल्या वर्षी आणताना सोंड दाराला लागली. रात्री मीच लिंपली, कुणाला बोललो नाही. म्हणून तुम्हाला म्हणत होतो, एकच आणू. तुमच्याकडेच आणला असता. एक बाजू तुम्ही धरली असती, एक मी."

माझी चारही वाक्यं बाद झाली. दोन महिने या माणसाला दाखवायला मी दंड कमावला होता. माफी मागायची सवय आमच्या घराण्यात नाही, त्यांनाही नाही आणि मलाही नाही. "सरका बाजूला," म्हटलं, आणि त्यांच्या पाटाखाली हात सारले. डाव्या कोपरातून कळ अशी निघाली की डोळ्यांपुढे अंधारी आली. तशीच उभी राहिले, ती उतरेपर्यंत.

"वहिनी, पेलणार नाही तुम्हाला."

"पेलतंय. तुम्ही पुढे चला. मोकळ्या हाताने चालू नका, घंटा घ्या ती."

त्यांनी कोनाड्यातली पितळी घंटा उचलली आणि पाखाडीला लागले. मी मागे. घंटा एकसारखी वाजत होती, उतारावरही, वळणावरही, ते दम खायला थांबले तेव्हाही. दारादारांतून माणसं बाहेर येऊन हात जोडत होती. ती का थांबत नाही असं कुणीही विचारलं नाही. गणपती घरी येताना घंटा वाजायचीच.