लुकलुकणारी पाटी

चिरलेल्या कांद्याचा वास आला की मला बारामतीतला तो कॉम्प्युटर क्लास आठवतो. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. क्लासच्या वेबसाइटवर मी लाल-पांढरी लुकलुकणारी पाटी टाकली आणि मोठ्या कौतुकाने धाकट्या बहिणीला भवानीनगरहून ती बघायला आणलं. तिला फिट यायची. घरी ट्यूब फडफडली की ती डोळे झाकून घ्यायची, पण या दोन गोष्टी मी कधी जोडल्या नव्हत्या. पाटी बघता बघता ती खुर्चीवरून कोसळली. कुणीतरी तिच्या नाकाशी कांदा धरला. ती सावध झाल्यावर क्लासचे सर मला म्हणाले, "हिला परत आणू नका." ती भिंतीला टेकून बसली होती. "मी येणार हाय, सर. ती उघडझाप तेवढी काढा." सर हसले, "अगं, लुकलुकलं नाही तर बघणार कोण?" "मी बघीन की!" मी तिथेच बसून पाटी स्थिर केली. पुढच्या सोमवारी ती आली, खुर्ची पुढे ओढली आणि सगळं पान शेवटपर्यंत वाचून काढलं. ती जाऊन आता वर्ष होईल. वेबसाइट बनवणं हाच माझा धंदा आहे. गिऱ्हाईक अजूनही सरांचाच प्रश्न विचारतं, आणि मी एक अक्षरही लुकलुकू देत नाही.