दीड पोत्याचा प्रवासी

मांडव उभा होता, रिबन बांधून झाली होती, बँडवाले रसाच्या गाड्यावर बसले होते. फक्त बोटीला परवाना नव्हता. तो द्यायचा की नाही हे ठरवायला मी साताऱ्याहून सकाळी कृष्णेच्या काठी पोचले, तेव्हा उद्घाटनाच्या कोनशिलेवर त्या दिवसाची तारीख कोरूनसुद्धा झाली होती. आमच्या खात्यात तपासणी आधी आणि उद्घाटन नंतर असा क्रम आहे. खात्याबाहेर तो फारसा कुणाला माहीत नाही.

माझं काम प्रवासी बोटी तपासायचं. निम्मी नोकरी कोकणात, खाडीवर गेली. अलीकडे मात्र आपली नदी म्हणजे पर्यटनस्थळ आहे, असा शोध घाटावरच्या प्रत्येक तालुक्याला लागला आहे. शोध चुकीचा नाही. कृष्णेचं पात्र इथं खरोखर देखणं आहे. अडचण एवढीच, की उन्हाळ्यात त्यातलं पाणी आधी उसाला लागतं, पावसाळ्यात ते गावात येतं, आणि उरलेल्या महिन्यांत काठाकाठानं जलपर्णी वाढते. पर्यटकानं यातून आपला रविवार शोधायचा.

गाव इस्लामपूरपासून जवळ. नाव लिहीत नाही. लिहिलं तर पलीकडच्या काठाचे विचारतील, आमचं का नाही. बोट सुभेदारांची. सैन्यातून निवृत्त होऊन आलेल्या या गृहस्थांनी हाती आलेलं सगळं बोटीत घातलं होतं. एवढ्या पैशांत ट्रॅक्टर आला असता, असं त्यांच्या पत्नीचं मत होतं, आणि ते त्यांनी मला चहा देतानाच सांगितलं. पाऊस नुकताच सरला होता. परवाना आत्ता मिळाला तरच हंगाम मिळणार. नाहीतर बोट वर्षभर उसाच्या बांधावर.

आडवा आला होता वरचा मजला. या भागातल्या एका वजनदार पुढाऱ्यांना सगळे नुसतं ‘साहेब’ म्हणतात. साहेब गोव्याला जाऊन आले होते. तिथल्यासारखा बोटीवर वरचा मजला हवा, त्यावर सेल्फी पॉइंट हवा, असं त्यांनी आमच्या ऑफिसला कळवलं होतं. वरिष्ठांचा फोन आला.

“मॅडम, त्या मजल्याला तत्त्वतः मंजुरी देता येईल का?”

“सर, बोट तत्त्वतः तरंगत नाही.”

“मग फाइल राहू दे माझ्याकडं. साहेबांचं मन वळलं की बघू.”

साहेबांचं मन वळेपर्यंत नदी आटली असती.

मी तपासणीला लागले. आमची मुख्य चाचणी साधी असते. प्रवाशांच्या वजनाइतका भार बोटीत ठेवायचा आणि सगळा एका बाजूला सरकवायचा. बोट कलते. कलल्यावर पाण्यापासून बोटीच्या काठापर्यंत किती उंची उरते ते मोजायचं. या उंचीला फ्रीबोर्ड म्हणतात. फ्रीबोर्ड संपला की पुढे फक्त नदी असते.

भारासाठी वाळूची पोती लागतील, असं मी कळवलं होतं. पण नदीकाठच्या गावात वाळू हा चारचौघांत बोलायचा विषय नाही. सुभेदारांनी ओळखीतून साखरेची पोती आणून ठेवली होती. नियमातला माणूस पंचाहत्तर किलोचा, पोतं पन्नासचं. म्हणजे दीड पोतं, एक प्रवासी.

सुभेदार म्हणाले, “मॅडम, ह्यो नियम दिल्लीत केलाय वाटतं. आमच्याकडचं माणूस दीड पोत्यात बसत न्हाई.”

वीस प्रवाशांची तीस पोती एका अंगाला रचली. बोट कलली आणि वीतभर फ्रीबोर्ड राखून थांबली. पास. सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला.

पोती उतरवली. राहिली चालती चाचणी. “मोटर बंद पडली तर?” मी विचारलं.

“गडी हायती की.” त्यांनी वल्हीवाले चौघे पुढे केले. प्रत्येक जण निदान दोन पोत्यांचा.

“यांना वल्हवता येतं ना?”

चौघांचा म्होरक्या बाळू माझ्याकडे बघतच राहिला. “आवं मॅडम, शर्यतीचं गडी हाय आमी!”

सांगलीकडे पावसाळ्यात नदी भरली की होड्यांच्या शर्यती लागतात. गावोगावची मंडळं उतरतात, आणि निकालावर पुढच्या पावसाळ्यापर्यंत चहाच्या टपरीवर वाद चालतो. यंदा या चौघांना पलीकडच्या काठानं हरवलं होतं. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

एवढ्यात साहेब आले आणि थेट बोटीत जाऊन बसले.

“साहेब, चाचणी आहे. प्रवासी घेता येत नाहीत.”

“मी कुठं प्रवासी आहे?” साहेब म्हणाले.

यावर नियमात उत्तर नव्हतं. शेवटी मी तीन अटी घातल्या: साहेब धरून दहाच माणसं, सगळ्यांना लाइफ जॅकेट, आणि काठाजवळून, कमरेइतक्या पाण्यातूनच जायचं. साहेब हार काढायला तयार नव्हते, म्हणून जॅकेट हारावरून चढवलं. गळ्याशी झेंडू बाहेर आले.

काठाजवळून जायचं म्हणजे जलपर्णीतून जायचं. थोड्याच अंतरावर मोटरच्या पंख्यात ती गुंतली आणि मोटर थांबली. चौघांनी शांतपणे वल्ही घेतली. सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं. तेवढ्यात सरावाला निघालेली पलीकडच्या काठाची लांबलचक होडी शेजारून गेली. नुसती गेली असती तरी चाललं असतं.

“काय रं बाळ्या, साहेबांस्नी बसवून बी मागंच व्हय?”

बाळूनं सुकाणूवरच्या सुभेदारांकडे पाहिलं.

“न्हाई. मॅडम हायती,” सुभेदार म्हणाले.

होडी वळून मागे गेली आणि पुन्हा शेजारून पुढे आली. या खेपेला कुणी काही बोललं नाही. नुसते हसले.

“हाणा!” सुभेदार म्हणाले.

ती बोट रुंदीला बैलगाडीसारखी. पण तिची ती ऐट बघून होडीवाल्यांना हसू आवरेना, आणि हसण्याच्या नादात होडी जलपर्णीत घुसली. आम्ही पुढे! भाषणासाठी टेम्पोतून आणलेली माणसं खुर्च्या सोडून काठानं धावू लागली. बँडवाल्यांनी रस टाकून वाजवायला सुरुवात केली. आणि बोटीतली दहाच्या दहा माणसं होडीच्या बाजूला धावून उभी राहिली. सगळ्यांत पुढे साहेब. “आता कोण मागं रं गड्या?” हात नाचवत ते ओरडले.

बोट कलली. माझी मोजपट्टी हातातच होती, मी वाकून मोजलं. माणसं दहाच, पण सकाळी वीस जणांच्या भारानं पाणी जिथं आलं होतं, तिथंच ते पुन्हा आलं होतं. वल्ह्याबरोबर एक लाट आत आली ती साहेबांच्या पांढऱ्या बुटांत.

“खाली बसा!” मी खाडीवरच्या आवाजात ओरडले. सगळे बसले. साहेबसुद्धा.

“सकाळी तर पास झाली होती ना?” साहेबांनी हळू आवाजात विचारलं.

“पोती बसून राहतात, साहेब. माणूस उभा राहिला की त्याचं वजन तेवढंच राहतं, पण वर जातं. वजन जितकं वर, तितकी बोट लवकर कलते.”

साहेबांनी एक बूट काढून त्यातलं पाणी नदीत ओतलं. “म्हणजे वरचा मजला असता तर...”

“तर तुम्ही आत्ता तिथं उभे असता.”

त्यांनी शेजारी बसलेल्या पीएकडे वळून पाहिलं. “मी कधी मागितला होता रे मजला?”

“नाही साहेब,” पीए म्हणाला.

भाषणात साहेबांनी सांगितलं, की वरच्या मजल्याचा मोह त्यांनी पहिल्यापासून टाळला. संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला. ते पहिल्यापासून हेच म्हणत होते.

परवाना मी दिला. बारा प्रवासी, बाकं तळाला पक्की, चालत्या बोटीत उभं राहायला बंदी, प्रवासी असताना शर्यत बंद.

सुभेदारांचा चेहरा उतरला. “बाराच? मॅडम, वीस बसत्यात की.”

“बसतात, सुभेदार. पण उठतात.”

त्यांनी कागद पुन्हा वाचला. “आन् रिकामी बोट शर्यतीत घातली तर?”

“रिकाम्या बोटीबद्दल माझं खातं काही म्हणत नाही.”

आता रविवारी पुण्याकडच्या गाड्या येतात. फेऱ्या होतात, सूर्यास्ताचे फोटो निघतात, पण लोक विचारतात एकच, शर्यत कधी? शेवटची फेरी संपली की रिकामी बोट पलीकडच्या काठाच्या होडीशी भिडते आणि बहुतेक वेळा हरते. लोक काठावर उभे राहून हवं तेवढं ओरडतात. काठ कलत नाही. तिथं सुभेदारांच्या पत्नीचा भज्यांचा गाडा आहे. तो बोटीपेक्षा जास्त चालतो, आणि ट्रॅक्टरचा विषय अजून संपलेला नाही.

माझ्या चाचणीतही एक पायरी वाढली आहे. पोती उतरवली की मी बोट कमरेइतक्या पाण्यात घेते, गावातली दहा माणसं तिच्यात बसवते, आणि शेजारच्या गावातल्या कुणाला तरी काठावरून त्यांना डिवचायला सांगते.