अनवाणी सॅलूट

बाबा बीट जमादार. दारव्ह्याकडची बारा गावं त्यांच्याकडे. पोलीस खात्याची उतरंड मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली: वर साहेब, त्यांच्यावर साहेब, त्यांच्यावर मोठे साहेब, आणि सगळ्यांच्या खाली बाबांचे बूट. हे बूट चकाकले की जिल्ह्यात शांतता नांदते, असं त्यांचं ठाम मत.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. सहायक फौजदाराचा स्टार खांद्यावर लागायचाच बाकी होता. आईने पेढ्यांचं दुकानसुद्धा ठरवलं होतं. नेमका बाजाराच्या बंदोबस्तात नव्या बुटांनी दगा दिला. बाबांनी ते काढून कांद्याच्या पोत्याशी ठेवले आणि साहेबांची गाडी आली. बाबांनी अनवाणीच कडक सॅलूट ठोकला. सॅलूटमध्ये म्हणे काही खोट नव्हती. तरी तिसऱ्या दिवशी 'कारणे दाखवा' नोटीस आली. शिक्षा झाली तर स्टार अडकणार होता.

उत्तर लिहायचं काम माझं, कारण घरात अक्षर माझंच सुवाच्य.

"लिव," बाबा म्हणाले. "नवे बूट चावले म्हनून काढले. चुकी माही हाय."

"असं कोनी लिवते का, बाबा? पायाले सूज होती म्हना."

"सूज कुठी होती वं? खोटं कायले लिवाचं?"

मी मान डोलावली आणि सूजच लिहिली. घेतलेला जबाब वाचून दाखवायचा, हा खात्याचा रिवाज बाबा घरीही पाळत. चष्मा दुरुस्तीला गेला होता. मी कागद समोर धरून त्यांचंच वाक्य घडाघडा म्हटलं. त्यांनी सही केली. स्वतःच्या हुशारीवर मी आठवडाभर खूश होते.

कागद ठाणेदारांकडून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे आणि तिथून यवतमाळला मोठ्या साहेबांपुढे गेला. त्यांनी बाबांना बोलावून विचारलं, "सूज कोणत्या पायाला होती?"

"कोणत्याच नाही, सर."

"मग हे कोणी लिहिलं?"

"मीच, सर."

संध्याकाळी चहा बशीत ओतत बाबांनीच हे सांगितलं. बुटांसाठी साहेब नुसती ताकीद देणार होते. खोट्या खुलाशाची मात्र शिक्षा लागली. स्टार गेला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माहं नाव काहून नाही सांगतलं?"

"तू पोलीस भरतीचा फारम भरला ना," बाबा म्हणाले. "माहे तं दोनच वर्सं रायले. तुह्यं सारं बाकी हाय."