घंटागाडीतला आलाप

पेनड्राइव्हनं विचारलं, "फॉर्मॅट करायचं का?" मी "हो" दाबलं. नगरपंचायतीत कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटरला कोणी काही विचारत नाही. पहिल्यांदाच कोणीतरी परवानगी मागितली, म्हणून मी भारावून देऊन टाकली. त्या एका बोटासरशी आमच्या गावचं सगळ्यात गाजलेलं गाणं गेलं.

गाणं घंटागाडीचं होतं. "ओला-सुका वेगळा करा, बाई वं, डब्बा बाहेर धरा!" सहा वर्षं रोज सकाळी ते गल्लीगल्लीतून वाजायचं आणि फोडणी करपली तरी चालेल, पण बाया कचऱ्याचा डबा घेऊन धावायच्या. गायक जागेश्वरभाऊ. आठवडी बाजारात मुरमुरे विकतात, दिवाळीनंतर मंडईच्या जत्रांत दंडारीच्या नाचगाण्यात गातात, पण ओळख विचाराल तर सांगतील, "गाडीतला आवाज आपलाच." पुतण्यासाठी मोहाडीला पोरगी पाहायला गेले, तर तिकडच्यांनी विचारलं, "मुलगा काय करते?" हे म्हणाले, "सांगतो, आधी गाणं आयका."

दुसरी कॉपी नव्हती. कचऱ्याचं गाणं कोण जपून ठेवते? मी तोंड पाडून भाऊंच्या घरी गेलो. वाटलं, आता मुरमुऱ्याचं पोतं डोक्यात बसणार. भाऊ उलट खूश!

"बरं झालं बाप्पा! मले ते आवडतच नव्हतं. मले कोंढ्याले साक्षगंधाले जायचं होतं, तुमच्या हापिसातल्या माणसानं स्टँडावरच मोबाइल तोंडापुढं धरला. येष्टी सुरू, कंडक्टर बोंबलून राहिला. एका दमात गायलो न् पळालो. आता पाहा कसा गातो."

मुख्याधिकारी साहेब मात्र खूश नव्हते. "पुढच्या शनिवारी मी स्वतः पाहणार. लोक कचरा घेऊन निघाले नाहीत, तर बाहेरचं तयार गाणं लावू." म्हणजे भाऊंचा आवाज गावातून कायमचा उतरणार होता.

रविवारी भंडाऱ्याला एका स्टुडिओत गेलो. तबला घेतला, बासरी घेतली, आणि मुखड्याच्या आधी भाऊंनी आलाप घेतला. तो इतका लांबला की स्टुडिओवाल्यानं चहा मागवला, प्यायला आणि कप विसळून ठेवला, तरी भाऊ शब्दांवर आले नव्हते.

सोमवारी नवीन गाणं लावून गाडी निघाली. मीही सोबत होतो. आलाप ऐकून दुर्गाबाईंनी दारातूनच हात जोडले. उषाबाई ओट्यावर मांडी घालून बसल्या.

"बाई, डबा आणा ना," मी म्हणालो.

"आणतो ना. काहून घाई करून राहिले? आत्ता तर सुरू झालं, बोल तर येऊ द्या."

बोल आले तेव्हा गाडी दोन गल्ल्या पुढं गेली होती. दिवसभरात तीन डबे कचरा. त्यातला एक माझ्या घरचा.

भाऊंच्या बायकोनं, बेबीबाईंनी, गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "चांगलं हाये. पण असं वाटते का गाडी मुक्कामाले आली."

तिथं रोग सापडला. जुन्या गाण्यात भाऊंची बस सुटत होती, म्हणून ऐकणाऱ्याला वाटायचं आपली गाडी सुटते. मंगळवारी मी त्यांना पुन्हा स्टँडवर उभं केलं.

"भाऊ, समजा कोंढ्याची बस सुटून राहिली."

"कुठं सुटून राहिली? डायव्हर तर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून राहिला."

बुधवारी त्यांना घराभोवती पाच चकरा मारायला लावल्या. दम चांगला लागला, पण गाण्याच्या जागी त्यांनी खुर्ची मागितली.

शनिवारी सकाळी साहेब चौकात येऊन उभे. भाऊ म्हणाले, "रेकॉर्डिंग जाऊ द्या, मीच गातो." हातात भोंगा घेऊन ते गाडीच्या मागं उभे राहिले, घसा खाकरला, डोळे मिटले आणि आलाप सुरू केला. ड्रायव्हर हेमराज हा आरशात फक्त केस पाहतो. त्यानं गियर टाकला. भाऊंनी डोळे उघडले तेव्हा गाडी चौक ओलांडत होती.

भाऊ भोंग्यासकट पळत सुटले. "ओला-सुका... अबे हेमराज!... वेगळा करा... थांब ना बे!... बाई वं... माही चप्पल!... डब्बा बाहेर धरा!"

फटाफट दारं उघडली. उषाबाई तर कणकेच्या हातानं डबा घेऊन आल्या. मी मोबाइल सुरूच ठेवला होता. साहेब म्हणाले, "हेच लावा."

आता तेच वाजते. लोक म्हणतात पहिल्याची मजा नाही, पण डबे निघतात, आणि "थांब ना बे"ला अख्खी गल्ली साथ देते. भाऊ मात्र नाराज. "सहा वर्षांत एकदा गळा मोकळा सोडला, तर आलाप काढून टाकला न् माही बोंब ठेवली तुमी!"

पळताना त्यांची एक चप्पल नालीत गेली, ती काही सापडली नाही. सगळं माझ्यामुळं झालं, म्हणून नवीन जोड माझ्याकडं लागला. दिवाळीपर्यंत देतो म्हणालो होतो. आता धानाची मळणीही आटोपली. परवा बाजारात मुरमुरे घ्यायला गेलो, तर पुडी बांधता बांधता भाऊंनी दोन्ही पाय पोत्यावर चढवले. एका पायात त्यांची निळी चप्पल, दुसऱ्यात बेबीबाईंची गुलाबी.

"आठ नंबर," भाऊ म्हणाले.

मी पुडी घेतली आणि चपलांची ओळ टाळून भाजीच्या ओळीतून निघून आलो.