‘बाबा’ नावाची कार्ट

वर्ध्यातल्या एका मेडिकलवाल्या काकांसाठी मी वेबसाइट बनवली होती. एकाच खात्यात घरातल्या प्रत्येकाची वेगळी कार्ट ठेवता यायची. काका कार्टचं नाव पाकिटावर लिहून औषधं एसटीनं गावोगाव पाठवायचे.

एका दुपारी काकांच्या दुकानात बसून काहीतरी तपासताना मी ‘आई’ आणि ‘बाबा’ अशा दोन कार्ट दोन टॅबमध्ये शेजारी-शेजारी उघडल्या. आईच्या कार्टमध्ये एक गोळी टाकली. ती बाबांच्या कार्टमध्ये गेली. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. साइटच्या तात्पुरत्या नोंदीत, म्हणजे सेशनमध्ये, मी फक्त शेवटी उघडलेली कार्ट लक्षात ठेवली होती. दोन उघड्या असल्या की सगळं तिच्यातच जात होतं.

जुन्या ऑर्डरी पाहायला घेतल्या. पुण्यातल्या एका मुलीनं समुद्रपूरच्या आईवडिलांसाठी औषधं मागवली होती. आईची कार्ट रिकामी, आणि बाबांच्या कार्टमध्ये बीपीच्या गोळ्यांसोबत शुगरच्याही.

“काका, या बाबांना शुगर आहे?”

“मले वाटलं डॉक्टरानं नवीन चालू केली असन. पाकीट तं कालच गेलं ना बाई.”

समुद्रपूरच्या घरचा फोन नुसता वाजत राहिला. मुलीचाही कोणी उचलत नव्हतं. काकांनी शटर ओढलं, मला मागं बसवलं आणि गाडी काढली. हिंगणघाट मागं पडलं तरी मी फोन लावतच होते.

समुद्रपूरच्या घराचं दार उघडंच होतं. टीव्ही चालू. म्हातारे खाटेवर, बनियन घामानं चिंब, डोळे अर्धवट. बाई पदरानं वारा घालत होत्या.

“सकाळपासून असेच करून राह्यले. ऊन लागलं वाटते.”

“शुगर उतरली,” म्हणत काकांनी साखरेचं पाणी मागितलं. म्हातारे घोटभर प्याले, बाकी हनुवटीवरून ओघळलं. ऑटो बोलावून दवाखान्यात नेलं. सलाईन अर्धी संपल्यावर त्यांनी बायकोला ओळखलं. बाई माझा हात धरून म्हणाल्या, “तुम्ही देवासारखे आले.” मी तिथंच त्यांना खरं सांगितलं. त्यांनी हात काढून घेतला.

घरी आल्यावर मी आधी साइट बंद केली. मग दोन-दोन कार्ट असलेल्या प्रत्येक घरी फोन लावायला बसले. बहुतेकांनी पाकीट पाहून सांगितलं, सगळं बरोबर आहे. वडनेरच्या एका घरून महिनाभर ऑर्डर नव्हती. फोन सुनेनं उचलला. मी सासऱ्यांच्या औषधांबद्दल विचारलं.

“मामाजी तं गेले ना, महिना होऊन राह्यला. काऊन?”

त्या घरची शेवटची ऑर्डर समोर उघडी होती, सगळ्या गोळ्या सासऱ्यांच्याच कार्टमध्ये. कोणती गोळी कोणासाठी मागवली होती, ते माझ्या नोंदींत कुठंच नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं.

“दवाखान्यात तं हार्टचं म्हनलं होतं,” ती हळूच म्हणाली. मग फोन ठेवला.




मी पुन्हा लावला नाही.