चौदा टेस्ट पडल्या आणि उत्तर आलं

मंडळी, सकाळपासून लागलेला घोर आत्ता चारच्या चहाबरोबर मिटला.

कंपाइलर म्हणजे आपला प्रोग्रॅम तपासून संगणकाला कळेल असा करून देणारं सॉफ्टवेअर; अशाच एका, कुणालाही बदल सुचवता येतील अशा खुल्या कंपाइलरच्या कामात मी नुकताच हात घातलाय. प्रोग्रॅममध्ये ओळीच्या शेवटचा सेमिकोलन (;) राहिला की तो अंगावर खेकसल्यासारखा संदेश देतो. तो संदेश सोपा करून मी काल कंपाइलर सांभाळणाऱ्यांकडे पाठवला. एका ओळीचा तर बदल, त्याला कंपाइलरसोबतच्या तपासणीच्या टेस्ट कशाला चालवायच्या, म्हणून चालवल्याच नाहीत.

सकाळी मेल उघडली तर चौदा टेस्ट नापास! जुना संदेश शब्दन् शब्द जुळतो का, हेच त्या तपासत होत्या. शिवाय हे सगळं जगभरच्या लोकांसमोर. मी घाईघाईने ‘रिस्पेक्टेड सर’ घालून लांबलचक माफीनामा पाठवला.

माझा चेहरा बघून शेजारच्या हंसाबेननी विचारलं, “शुं थयुं? कोण आजारी आहे?” काय सांगणार, कंपाइलर?

चारला त्यांच्यातल्या एकाचं उत्तर आलं: “माफी कशाला? टेस्ट त्यासाठीच असतात. त्यांत नवा संदेश घाला आणि परत पाठवा. तुमचा संदेश खरंच चांगला आहे.”

हुश्श! सगळ्या टेस्ट चालवून परत पाठवला.

मग एकदम आठवलं. परवा मी शिकवते त्या कॉलेजच्या लॅबमध्ये एका मुलीचा प्रोग्रॅम सेमिकोलनवरूनच अडला होता, आणि मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते, “एवढंही येत नाही?”

उद्या पहिलं लेक्चर तिच्याच वर्गावर आहे. कंपाइलरचं बोलणं मी सुधारलं. तिच्याशी सुरुवात कशी करू, सांगाल?